पिवळी न्हाणी

वैशाख लागला की सोलापुरात दुपारी बाराच्या आतच रस्ते ओस पडतात. पत्रे तडतडतात, हौदातल्या पाण्यात हात घालवत नाही, आणि माणसं दारं ओढून घेऊन संध्याकाळची वाट बघत बसतात. यंदाही तसंच चाललंय. त्यात आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर कुणीतरी दारं-खिडक्यांना ऑइलपेंट मारायला काढलाय. टर्पेंटाइनचा वास जिन्यानं वर येतो आणि मी दार लावून घेते. शेजारची मुलगी विचारते, “काकू, वासानं डोकं दुखतं का?” मी हो म्हणते. खरं तर डोकं दुखत नाही. त्या वासाबरोबर सत्तरच्या दशकातला एक उन्हाळा घरात शिरतो, आणि एकदा शिरला की दिवसभर बाहेर पडत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरातल्या न्हाणीच्या टाइल्स रंगवल्या. घडलं ते एवढंच.

ते घर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिलमधल्या एका मास्तरांकडून घेतलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं वीतभर अंगण आणि अंगणाला लागून न्हाणी. त्या मास्तरांनी मुंबईत कुठंतरी बघून न्हाणीच्या भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावून घेतल्या होत्या. खालीही पांढऱ्याच. पाणी तापवायचा बंब ठेवायला एक कट्टा होता, तोही पांढरा. अण्णा कचेरीत कारकून. आई वैरागची, शेतकऱ्याच्या घरातली. माहेरी तिनं चार उभ्या पोत्यांच्या आडोशाला अंघोळ केलेली. या घरात आल्यावर पहिले काही दिवस ती न्हाणीचं दार उघडून नुसती बघत उभी राहायची, असं अण्णा सांगायचे. वैरागहून कुणी आलं की चहाच्या आधी न्हाणी दाखवायची. “हात लावून बग की. कसं गार लागतंय.”

पण मी कॉलेजात जाईपर्यंत त्या टाइल्सची रया गेली होती. खाऱ्या पाण्याचे थर चढून त्या पिवळट झाल्या होत्या, सांधे काळे पडले होते, नळाखाली गंजाचा ओघळ उतरला होता, कितीतरी ठिकाणी तडे. आई चिंचेनं घासायची, सोड्यानं घासायची. तेवढ्यापुरतं उजळायचं. तरी ती न्हाणी तिची होती. दार लावून आत गेली की ती अर्धा तास बाहेर यायची नाही. घरात तिला स्वतःची अशी तेवढीच जागा होती, हे मला फार उशिरा कळलं.

आदल्या दिवाळीची गोष्ट. आई दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. रांगोळी झाली म्हणून तिनं हात झटकले, तर डाव्या बाजूची ठिपक्यांची सबंध ओळ तशीच राहिलेली.

“आई, कडेचे ठिपके राहिले.”

“कुटले?”

मी बोट दाखवलं. तिनं मान वळवली, आणखी वळवली, आणि मग तिला ते दिसले. तिनं ओळ पुरी केली, घरात आली आणि मला जवळ बसवून म्हणाली, “मला कडंचं दिसंना झालंय गं. म्होरचं दिसतंय. सुईत दोरा ववते की मी. पन कडंला काय हाय ते कळतच न्हाय.”

कधीपासून, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलं नाही. उलट म्हणाली, “ह्यास्नी सांगू नगंस. तुजी परीक्षा हाय. पुण्याला जायाचं हाय. आत्ता सांगितलं की दवाखाना सुरू हुतोय, आन् मग पोरीला घरातच ऱ्हाऊ द्या म्हनत्यात सगळी. तू आदी जा. मग बगू.”

बी.ए. झाल्यावर पुण्याला वसतिगृहात राहून इतिहासात एम.ए. करायचं, हे माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं. आमच्या नात्यात एकही मुलगी शिकायला गावाबाहेर गेली नव्हती. अण्णांचा होकार आईनंच मिळवला होता, महिनोन्‌महिने, ताटात भाकरी वाढता वाढता. ते मोडेल ही भीती तिला होती आणि मलाही होती. म्हणून मी गप्प बसले. मी लहान नव्हते, विसाव्या वर्षात होते. डोळ्यांचं दुखणं थांबत नसतं एवढं मला कळत होतं. तरीही मी सहा महिने गप्प बसले. आई दाराच्या चौकटीला खांदा धडकवायची, कडेला ठेवलेला तांब्या पाडायची, आणि मी अण्णांच्या आधी धावत जाऊन तांब्या उचलायची.

एप्रिलात माझा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी आई न्हाणीत पडली. सकाळची वेळ होती. झरोक्यातून ऊन सरळ आत येत होतं आणि सगळं पांढरं चकाकत होतं. कट्टा कुठं सुरू होतो ते तिला कळलं नाही. गुडघा कट्ट्याला आपटला, ती कोलमडली आणि कपाळ नळावर गेलं. मी दाराला धक्के देत होते, आतून ती म्हणत होती, “काय न्हाय झालं. पाय घसरला. तू जा.” कडी काढायला तिला फार वेळ लागला. बाहेर आली तेव्हा ओल्या लुगड्यावर रक्त पसरलं होतं.

दवाखान्यात कपाळाला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण कडेला धरलेला हात तिला दिसत नव्हता. डोळ्यांचे डॉक्टर मध्यम वयाचे, शांत माणूस होते. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि अण्णांना सांगितलं, काचबिंदू आहे. गेली तेवढी नजर परत यायची नाही. उरलेली थेंबांनी जपायची, ती किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही.

“सहा महिने आधी आला असता तरी बरंच राखता आलं असतं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दिवाळीपासून किती महिने झाले ते मी बोटांवर मोजले.

टांग्यातून परत येताना मी आईच्या शेजारी होते, अण्णा समोर. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अण्णांनी विचारलं, “शालू, तुला कधी काही जाणवलं होतं का गं?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “तिला काय जानवनार. ती आपली अब्यासात.”

आणि मी बोलले नाही.

त्यानंतर आई न्हाणीला भ्यायला लागली. दार उघडं ठेवायची, मी बाहेर पाठ करून उभी राहायची, आणि ती चार तांबे अंगावर ओतून दोन मिनिटांत बाहेर यायची. एकदा तिनं मला आत बोलावलं, तिला साबण सापडत नव्हता. तो तिच्या कोपराजवळच होता, पांढऱ्या कट्ट्यावर. मी तिच्या हातात दिला. तिनं छातीशी हात आवळून घेतले होते आणि ती भिंतीकडे बघत होती. आईला मी कधी इतकं लाजलेलं पाहिलं नव्हतं. तिला मदत करायला मी तिथं उभी होते, आणि माझ्या तिथं असण्यानंच तिचं उरलंसुरलं जात होतं.

अण्णांनी गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, सगळं फोडायला लागेल, मागची भिंत ओली आहे, महिना मोडेल. त्यानं सांगितलेला खर्च अण्णांच्या पगारात बसणारा नव्हता, आणि थेंबांच्या बाटल्या आता दर महिन्याला आणायच्या होत्या. गवंडी गेल्यावर अण्णा न्हाणीच्या दारात पायरीवर बसून राहिले. मग चपला घालून नरसय्यांकडे गेले.

नरसय्या दोन घरं सोडून राहायचे. घरात सगळे विणकामातले, हे एकटेच पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्यांनी येऊन न्हाणी बघितली, नखानं टाइल खरवडली आणि विचारलं, “अक्काला अजून काय काय दिसते?”

हा प्रश्न तोवर आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पत्र्याचे तुकडे रंगवून घेऊन आले. हिरवा, निळा, तांबडा, पिवळा, आणि प्रत्येकावर काळी किंवा पांढरी रेघ. आईला अंगणात पाटावर बसवलं आणि स्वतः समोर उभे राहून एकेक तुकडा धरायला लागले. आधी समोर, मग हळूहळू कडेला नेत.

“अक्का, हे दिसते?”

“दिसतंय. हिरवं.”

“आता?”

“न्हाय.”

“हे?”

“न्हाय. ... हां, आता दिसलं. पिवळं हाय व्हय?”

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. नरसय्यांचा हात कुठं थांबतो ते मला दिसत होतं, आणि तो फारच लवकर थांबत होता. जणू तिच्या डोळ्यांना कुणी नळी लावली होती, आणि त्या नळीतून मावेल तेवढंच जग तिला उरलं होतं. सहा महिन्यांपूर्वी ती नळी किती रुंद असेल याचा मी हिशेब करत होते. आजवर कितीदा केला असेल कुणास ठाऊक.

नरसय्यांनी तुकडे खाली ठेवले. “पिवळ्यावर काळं,” ते अण्णांना म्हणाले. “आमच्या धंद्यात लांबून वाचायला तेच ठेवतात. भिंत पिवळी करू. मधून काळी रेघ नेऊ, दारापासून नळापर्यंत. अक्काने रेघ धरून जायचे. कट्ट्याची कड काळी. खाली रंग नको सायेब, पायाखाली टिकत नाही, घसरते. खाली शहाबादीचे तुकडे बसवा.” मग थांबून म्हणाले, “पण चकाकी घालवल्याशिवाय टाइल रंग धरणार नाही. घासायला लागते. फार घासायला लागते. ते तुम्ही करा, रंग मी देतो.”

आम्ही घासायला लागलो. आधी सोड्याच्या पाण्यानं, मग पॉलिश पेपरनं. अंगणात दोरीवर दोन चादरी टांगून अंघोळीचा आडोसा केला. अण्णांनी रजा काढली. सकाळी सातला आम्ही दोघं आत शिरायचो आणि ऊन वर आलं की घामानं निथळत बाहेर यायचो. टाइलवर कागद फिरायला लागला की दात शिवशिवायचे. पांढरी भुकटी नाकात, केसांत, पापण्यांवर. दुसऱ्या दिवशी माझ्या बोटांची टोकं सोलली. मी चिंध्या बांधल्या आणि घासत राहिले. दुखत होतं ते मला हवंच होतं. आपण शिक्षा भोगतोय असं स्वतःला वाटून घेणं किती सोपं असतं, आणि त्यानं समोरच्याला काडीचाही फरक पडत नाही, हे तेव्हा कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नळाखालचा कोपरा घासताना मी म्हणाले, “अण्णा, मला माहीत होतं. दिवाळीपासून.”

त्यांचा हात थांबला नाही. तीच टाइल ते घासत राहिले. तिची चकाकी केव्हाच गेली होती. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो.”

त्यापुढं आम्ही त्या विषयावर कधीच बोललो नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर पंचवीस वर्षांतही नाही. त्यांनी मला रागावावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी फक्त नवा कागद फाडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला.

नरसय्यांनी दोन हात पिवळे दिले. उन्हानं रंग लवकर वाळला, तरी त्यांनी आठ दिवस पाण्याचा थेंब पडू दिला नाही. मग बिनदोरीची, बिनपट्टीची, नुसत्या मनगटाच्या अंदाजानं त्यांनी ती रेघ ओढली. दारापासून निघालेली, कोपऱ्यात वळलेली, नळापाशी थांबलेली. पाटीवरच्या अक्षरासारखी ठसठशीत. पैसे विचारले तर रंगाच्या डब्यांचे तेवढे घेतले. “अक्का वापरून बघू दे आधी,” म्हणाले.

आई सकाळी आत गेली. तिनं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. कडीचा तो आवाज ऐकून अण्णा अंगणातल्या दगडावर बसले. आम्ही दोघं तांब्याचे आवाज मोजल्यासारखे ऐकत होतो. पाच, सहा, मग बराच वेळ काहीच नाही. मी उठले, अण्णांनी हातानं थांबवलं. पुन्हा पाण्याचा आवाज आला. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, केस पंच्यात बांधलेले.

“नळ दिसतोय,” ती म्हणाली. मग दाराकडे वळून, “पिवळं लई हाय, पन ऱ्हाऊ दे.”

तेवढ्या एका सकाळी आमच्या घरात सगळं ठीक आहे असं वाटलं. त्याच आठवड्यात मी सांगितलं की मी पुण्याला जाणार नाही. इथंच शाळेत नोकरी बघते, घरात राहते. आई शेंगा निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“मग मी डोळं कशापायी घालवलं?”

आवाज चढवून नाही. खरोखरच मला विचारत असल्यासारखं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. नवव्या दिवशी मी पुण्याचा फॉर्म भरून अण्णांच्या हातात दिला. ते पोस्टात टाकायला गेले तेव्हा ती म्हणाली, “चादर चांगली बगून घे. तितं थंडी असती म्हनं.”

एम.ए. झालं, नोकरी झाली, पुढचं सगळं झालं. लोक म्हणतात, आईनं शिकवलं. खरं आहे. मी ते ऐकून घेते आणि विषय बदलते. उपकार फेडायची काही तरी रीत असते. पण एखाद्यानं आपल्यासाठी नको तेवढं देऊन टाकलं, आणि आपण ते देताना बघत उभे होतो, तर त्याला काय म्हणायचं मला अजून सापडलेलं नाही.

थेंबांनी आईची नजर आणखी चार-साडेचार वर्षं रेटली. मग ती पुरती गेली. न्हाणीतला रंग त्याआधीच खालून सुटायला लागला होता. नळाजवळ पोपडे निघायचे आणि आतली पांढरी टाइल दिसायची. दर उन्हाळ्यात अण्णा छोटा ब्रश घेऊन बसायचे, कागदानं घासायचे आणि तेवढा तुकडा पिवळा करायचे. काळी रेघही गिरवायचे, नरसय्यांसारखी सरळ नाही, थरथरती. आईला काही दिसत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी ते सोडलं नाही. एकदा सुटीत आले असताना मी विचारलं, कशाला करता आता?

“उडालेला रंग मला बघवत नाही,” ते म्हणाले.

आई आतून कडी घालून अंघोळ करायची. शेवटपर्यंत. गिरवून गिरवून जाड झालेल्या रेघेवरून बोटं फिरवत ती नळापाशी पोचायची, असं तिनंच मला सांगितलं. ती गेली, मग अण्णा गेले, घर विकलं. घेणाऱ्यानं पहिल्यांदा न्हाणी पाडली असं कळलं. मी बघायला गेले नाही.

मला मात्र या सगळ्यापेक्षा त्या जूनमधली एक सकाळ जास्त दिसते. टांगा दारात उभा होता. अण्णांनी ट्रंक चढवली. पाऊस अजून लांब होता, हवा कोंदटलेली. मी आईच्या पाया पडले आणि उठले, तर तिनं माझे दोन्ही खांदे धरून मला उजेडात, दाराच्या बाहेर उभं केलं. मला वाटलं, काही सांगायचं असेल. ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग मान किंचित हलवून एका डोळ्याकडे. मग दुसऱ्या. मग नाक, गाल, कानातली रिंग. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा चेहरा तिला एका वेळी सबंध दिसत नव्हता. ती तो तुकड्या-तुकड्यानं बघत होती.

टांगेवाल्यानं घोड्याला चुचकारलं. अण्णा म्हणाले, “गाडीची वेळ झाली.”

“थांबा जरा,” आई म्हणाली. “हनुवट ऱ्हायलीया.”